निळा खांदा

एकदा एक माणूस स्वतःच्या चुकीवर बंदुकीच्या जाड गोळीचा इलाज शोधत शहरात गेला. त्याचं नाव रवळू. उंचीला बेताचा, खांदे अरुंद, हात आखूड. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण तो लाजत असे. आणि लाजणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवणं फार अवघड, हे आधीच सांगून ठेवतो.

गाव डोंगरातलं. काळ संस्थानचा. तेव्हा शिकारीला मनाई नव्हती, आणि रानडुकरं पिकात शिरली की भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं करून जात. म्हणून गावाची एक सामाईक रायफल होती. जड, जाड गोळीची, कुणा थोराड माणसाच्या मापाची. ती ज्याच्या हाती, तो गावाचा शिकारी.

त्या गावात एक खुळी चाल होती. शिकार झाली की जाणती म्हणवणारी माणसं शिकाऱ्याची बंडी बाजूला सारून त्याचा उजवा खांदा बघत. रायफलीच्या धक्क्यानं खांदा निळा पडलेला दिसला की माना डोलवत. नाही दिसला तर म्हणत, हा कसला शिकारी. मेलेलं जनावर बाजूला राही आणि तपासणी खांद्याची. कुणी सुरू केली कोण जाणे. मूर्खपणाला जन्मतारीख नसते.

दुसरी चाल मात्र शहाणपणाची होती. ज्यानं जनावर जखमी करून सोडलं, त्यानंच मागं जाऊन ते संपवायचं. दुसऱ्या कुणी त्यावर बंदूक उचलायची नाही.

तर रवळू तेव्हा गावाचा शिकारी होता, आणि त्यानं एक डुक्कर जखमी करून सोडलं. माणसांनी आरडाओरडा करून रान उठवलं, एक मोठा सुळेवाला नर त्याच्या समोरून आडवा गेला, तोही जवळून, आणि गोळी बसली मागच्या मांडीत. डुक्कर लंगडत ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत शिरलं आणि तिथंच दबा धरून राहिलं. तेव्हापासून गावाला चैन नाही. बायकांनी ओढ्याचं पाणी सोडलं, लांबच्या डबक्यावर जाऊ लागल्या. एका धनगराचं कुत्रं जाळीपाशी गेलं, ते डुकरानं उभं फाडलं. उद्या माणूस फाडेल, हे सगळ्यांना दिसत होतं.

रवळूची तर दशाच झाली. जेवायला बसे नि अर्ध्यातून उठे. दारात जाई, जाळीकडं बघे, परत येई, परत जाई. बायको सुंद्रा त्याच्या काळ्यानिळ्या खांद्याला हळद लावत होती. ती म्हणाली, "डुकरापरीस तुम्हालाच जास्त लागलंय." बोलली ते अक्षरशः खरं होतं. त्याला टोमणा वाटला. हळद अर्धी लावलेली तशीच ठेवून तो उठला.

त्याला बंदूक शिकवली होती एका म्हाताऱ्यानं. गाव त्याला आबा म्हणे. उभा जन्म संस्थानच्या शिकारखान्यात गेलेला, एका कानानं बहिरा, बोलायला कंजूष. त्यानं रवळूला लहान छर्ऱ्याच्या बंदुकीवर तयार केलं होतं, आणि तिथं रवळूचा नेम असा की आबानंही कधी नाव ठेवलं नाही. मग गावानं त्याच्या हाती ती जड रायफल दिली. आबाला विचारलं नाही. मान द्यायचा असला की गाव मोजमाप करत बसत नाही.

रवळू आबाकडं गेला आणि म्हणाला, रायफल कमी पडली, डुक्कर मोठं होतं, गावही म्हणतंय ही देऊन याहून मोठी आणा. आबानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गोळी सुटली तेव्हा डुक्कर काय करत होतं?"

रवळूला सांगता येईना. कानठळ्या बसवणारा आवाज त्याला आठवत होता. खांद्याला बसलेला हिसका आठवत होता. डुक्कर काही आठवेना.

"बरं," आबा म्हणाला. "चल शहरात."

शहरातला बंदुकवाला मोठा गोडबोल्या. बंदूक खांद्याला लावून बघायच्या आधीच गिऱ्हाइकाला शूर म्हणणारा. त्यानं रवळूला रावसाहेब म्हटलं आणि सगळ्यांत मोठी रायफल पुढं ठेवली. म्हणाला, हिच्यापुढं गवासुद्धा उभा राहत नाही. रवळूचे डोळे चमकले. आबानं त्या रायफलीकडं ढुंकून बघितलं नाही. दुकानामागं दगडाची एक बंद पडलेली खाण होती, तिथं बंदुका तपासून घेत असत. आबा म्हणाला, आधी आमच्या जुन्या रायफलीचे चार बार काढू, मग तुमची बघू.

खाणीत त्यानं समोरच्या दगडावर चुन्याचा ठिपका काढला. रवळूकडं पाठ करून रायफल भरली आणि त्याच्या हातात दिली. बार झाला. दगडाखालची माती उडाली, ठिपका जागच्या जागी. आबानं पुन्हा पाठ केली, पुन्हा भरून दिली. रवळूनं नेम धरला, चाप ओढला. नुसतं खट्. बार नाही, धक्का नाही, काही नाही. पण रायफलीची नळी मात्र कोंबडीनं दाणा टिपावा तशी खाली गेली, रवळूचे डोळे घट्ट मिटले आणि खांदा कानापर्यंत चढला. काहीच न झालेल्या जागी तो माणूस वेडावाकडा होऊन उभा राहिला.

बंदुकवाला धावत आला. म्हणाला, काडतूस फुसकं निघालं असेल, माझ्याकडचं ताजं देतो.

"फुसकं न्हाई, आधीच उडालेलं," आबा म्हणाला. "मीच घातलंय."

रवळू रागानं लाल झाला. म्हणाला, "आबा, माझी थट्टा करायला इतक्या लांब आणलंत?"

मग आबा बोलला. जन्मात एवढा बोलला नसेल.

"बंदुकीत दारू नव्हती. तुला कुणी मारलं न्हाई. तरी तू मार खाल्लास. डोळे मिटलेस, अंग चोरलंस, नळी खाली दाबलीस. त्या दिवशीही हेच झालं. चाप ओढायच्या आधीच तू तिथनं निघून गेला होतास, गोळी एकटी गेली. आता याहून मोठी बंदूक मागतोस, म्हंजे याहून लवकर निघून जाशील."

"मग सरळ म्हणा ना, मी भित्रा."

"भित्रा असतास तर त्या जाळीसाठी असा तळमळला नसतास. तू भ्याला न्हाईस, तुझं अंग भ्यालंय. अंगाला अक्कल नसते, त्याला मारलेलं तेवढं ते ध्यानात ठेवतं. निळा खांदा ही त्याची तक्रार हाय. आणि गाव त्या तक्रारीची आरती करतंय."

रवळूनं रायफल दगडाला टेकवून ठेवली. बंदुकवाला मात्र हार मानणाऱ्यांतला नव्हता. त्यानं पटकन एक बारीकशी, पिसासारखी हलकी रायफल आणली. लहान माणसाला हलकी बरी, म्हणाला. काडतूस तेच जाड. आबानं ती परत केली. म्हणाला, हलकी बंदूक सगळा धक्का माणसाच्या अंगावर टाकते. अंगात वजन असलेली थोडा स्वतः गिळते. मग त्यानं कोपऱ्यात पडलेली एक रायफल उचलली. गोळी बारीक, अंग मध्यम, दिसायला काही नाही.

रवळू कुजबुजला, "आबा, ही सशाची वाटते. लोक हसतील."

"डुकराला पुरून उरते. गोळी किती जाड होती ते डुकराला कळत न्हाई. कुठं लागली एवढंच कळतं."

जुनी देऊन ती घेतली. सौदा होताच आबानं करवत मागितली आणि रायफलीच्या लाकडी दस्त्याचा मागचा तुकडा कापायला घेतला. बंदुकवाल्यानं डोक्याला हात लावला. चांगल्या मालाची माती केली, म्हणाला. आबा कापत होता. दस्ता लांब असला की आखूड हाताच्या माणसाला मान ताणावी लागते, दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर बसतो आणि तिथंच घाव घालतो. कापल्या जागी त्यानं जुन्या टायरचा तुकडा ठोकला. मग रवळूला खाणीत नेलं. कधी भरलेलं काडतूस, कधी उडालेलं, कुठलं ते सांगायचं नाही. ऊन उतरेपर्यंत हेच. आबा ठिपक्याकडं बघतच नव्हता. तो नळीच्या टोकाकडं बघत होता. उडालेल्या काडतुसावर चाप ओढूनही टोक हललं नाही, तेव्हा तो म्हणाला, "चल घरी."

गावानं ती रायफल बघितली आणि जे म्हणायचं ते म्हटलं. पाटील म्हणाले, म्हैस देऊन करडू आणलंत. कुणी विचारलं, पाखरं मारायला का. रवळूच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण आबानं त्याच्याकडं बघितलं आणि तो रायफल पुसायला बसला.

दुसऱ्या दिवशी फटफटताना तो ओढ्याकडं गेला. मागं थोडं अंतर ठेवून आबा, हातात नुसती काठी. सुंद्रा दारात उभी होती, ती आत गेली नाही. जाळीत काटे एवढे की वाकूनच शिरावं लागे, आणि घाण वास येत होता. रवळूची छाती धडधडत होती. ती थांबवायचा उपाय आबाकडंही नव्हता. जाळी एकदम हलली. डुक्कर बाहेर आलं, लंगडत, पण थेट त्याच्याच अंगावर.

एकच बार झाला. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर बसलं आणि उठलं नाही.

गाव गोळा झालं. नेहमीप्रमाणं पाटलांनी पुढं होऊन रवळूची बंडी बाजूला सारली. खांद्यावर मागच्या वेळचा पिवळट पडलेला डाग होता आणि सुंद्राच्या हळदीचा रंग. नवीन काही नव्हतं. कुणी मान डोलवली नाही. पाटील म्हणाले, "हे काय?"

आबा मागून आला. त्यानं खांदा बघितला नाही. विचारलं, "गोळी सुटली तेव्हा डुक्कर काय करत होतं?"

रवळू हळूच म्हणाला, "मागचा पाय उचलून धरला होता. मान खाली घातली होती. डाव्या कानाला गोचीड होती."

आबानं मान डोलवली. रवळूनं आपल्या हातानं बंडी सारखी केली, बंद बांधले. पलीकडं बायका घागरी घेऊन ओढ्यावर उतरू लागल्या होत्या, त्यांना वाट देण्यासाठी तो बाजूला झाला.

आपण ज्या ओझ्याचे वळ लोकांना दाखवत फिरतो, ते ओझं पेलताना आपले डोळे उघडे असतात का, एवढं ज्यानं त्यानं बघावं.