टेकायची भिंत

“डाग गेला की दीक्षा, असंच म्हणाला होतात ना, आक्का?”

आक्का वाकळेला टाके घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हणाले होते.”

“मग उठा. भिंत बघा.”

“एवढा दोरा संपू दे.”

विश्वंभर उभ्या उभ्या चुळबुळला. चौदा वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. नोकरी सोडून डोंगराखालच्या या मठात आला, त्याला अकरा महिने झाले होते. अकरा महिने झाडलोट केली, पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या. शेवटी धीर सुटला आणि त्यानं मठ सांभाळणाऱ्या आक्कांकडं दीक्षा मागितली.

तेव्हा आक्कांनी मंडपाच्या भिंतीकडं बोट दाखवलं. येणारेजाणारे तिथं टेकून बसत. त्यांच्या डोक्याच्या तेलानं भिंतीवर ताटाएवढा काळा, चिकट डाग पडला होता.

“तो काढ. मग बघू.”

त्याला हसूच आलं होतं. “तेल आणि क्षार, आक्का. दोन तासांचं काम!”

दोन तास कसले... धुण्याचा सोडा झाला, उकळतं पाणी झालं, तारेचा ब्रश झाला. ताटाएवढा डाग परातीएवढा झाला. मग त्यानं वरून चुना मारला. सकाळी भिंत दुधासारखी. ऊन चढलं तसं तेल चुन्यातून पिवळं होऊन वर आलं. पुन्हा चुना. पुन्हा पिवळं.

“आला वाटतं वर?” आक्का जाता जाता म्हणायच्या. बस, एवढंच.

नवव्या दिवशी बोटांची सालं निघाली, तेव्हा कुठं त्यानं विचारलं. मठात येण्याआधी आक्का परटाघरच्या सून होत्या. चाळीस वर्षं गावाचे डाग त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि हा शहाणा नऊ दिवस त्यांच्या नाकासमोर भिंत घासत बसला होता.

“घासलं की तेल आत जातं,” आक्का म्हणाल्या. “चुना खरवड. शाडूची माती भिजव, जाड थर दे आणि सोड.”

“किती वेळ?”

“सुकेपर्यंत.”

“म्हणजे नक्की किती?”

“माती कॉलेजात गेलेली नाही रे मास्तर. तिला घड्याळ कळत नाही.”

पण याला कुठला दम! दिवसातून चारदा कड उचकटून बघायचा, तेल ओढलं का म्हणून. थर फुटायचा. तीन थर असे वाया गेले. चौथ्यापासून त्यानं आपले हात आवरले, आणि लोकांवर डोळे वटारायला सुरुवात केली.

धनगरवस्तीवरची धुरपदाआजी रोज दुपारी यायची आणि नेमकी तिथंच टेकायची. डोकं करडईच्या तेलानं चपचपीत.

“आजी, भिंतीला डोकं लावायचं नाही.”

“मग कुठं लावू?”

“कुठंही लावा. आणि तेल चोपडून येत जाऊ नका.”

त्या दिवशी ती मंडपाच्या मधोमध बसली, दोन्ही हात जमिनीला लावून. दुसऱ्या दिवशी जरा वेळ बसली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. बाकीचेही पायरीवरूनच हात जोडून जायला लागले. विश्वंभरला बरंच वाटलं. सातवा थर सुकून आपोआप गळून पडला, आणि खाली भिंत कोरी.

आक्कांचा दोरा संपला. त्या उठल्या, मंडपात आल्या. भिंतीवरून तळहात फिरवला. मग नाक टेकवून वास घेतला.

“गेला की.”

विश्वंभरनं हात जोडले.

आक्का भिंतीकडं पाठ करून रिकाम्या मंडपाकडं बघत राहिल्या...

“धुरपदा कुठं आहे?”

“ती... मीच सांगितलं तिला. भिंतीसाठी.”

“टेकल्याशिवाय तिला मान सावरत नाही. ठाऊक होतं?”

विश्वंभरचे जोडलेले हात खाली आले.

“जा. घेऊन ये.”

भर उन्हात तो वस्तीवर गेला. धुरपदाआजी बाजेवर बसली होती. पांढरे केस कोरडे, भुरभुर उडणारे.

“चार दिस झालं, तेल न्हाई लावलं,” ती म्हणाली. “डोकं ठणकतंय नुसतं. आता भागंल का, महाराज? का भादरून येऊ?”

त्याला तोंड वर करवेना. हाताला धरून त्यानं तिला मठात आणलं. ती भिंतीपासून हातभर अलीकडंच बसली. मान एकीकडं कलली.

आक्कांनी तेलाची वाटी आणून विश्वंभरच्या हातात दिली.

“लाव.”

“मी?”

“मग कोण, भिंत?”

त्यानं बोटं बुडवली. सोललेल्या कातडीला तेल झोंबलं. भराभर चोळून मोकळा व्हायला बघत होता तो.

“हळू रं बाबा,” धुरपदाआजी म्हणाली. “डोकं हाय, डाग न्हाई.”

त्याचा हात मंदावला. वाटी संपत आली तसे तिचे डोळे मिटले, आणि तिच्या छातीतून एक लांब श्वास सुटला. तेल कपाळावर ओघळत होतं. ती मागं झुकली... आणि थबकली. एक डोळा उघडून तिनं विश्वंभरकडं पाहिलं.

“टेकू?”

आक्का वाकळेकडं निघाल्या.

विश्वंभरनं भिंतीकडं पाहिलं. कुठं कणभर डाग नव्हता.

“टेका, आजी.”

ती टेकली. तिच्या डोक्यामागं भिंत ओली होऊन चमकायला लागली. रुपयाएवढी, मग तळव्याएवढी. विश्वंभर तेलकट हात अंगापासून दूर धरून उभा होता. कुठं पुसावे, कळेना.

“आक्का... मग दीक्षेचं?”

आक्का वाकळेपाशी जाऊन बसल्या होत्या. सुईत नवा दोरा ओवत त्यांनी विचारलं,

“शाडू उरलीय का रे?”