पुठ्ठ्याच्या आत काय असतं?

अवजारांनाही बढती मिळायची, त्या काळची गोष्ट. एका विद्यापीठाच्या पुस्तकबांधणी विभागात नियम निघाला, की प्रत्येक जुन्या अवजाराने एका नव्याला हाताशी धरून तयार करावं. दाभणकाकांच्या वाट्याला सुई आली.

काका पुठ्ठ्याला भोक पाडायचे आणि मागून सुई दोरा घेऊन जायची. आयत्या भोकातून जाताना पुठ्ठा तिच्या अंगाला लागायचाही नाही.

"काका, पुठ्ठ्याच्या आत काय असतं?" ती रोज विचारायची.

"वेळ आली की सांगेन," असं म्हणून काका अहवालात 'प्रगती उत्तम' लिहायचे.

सात वर्षांनी सुईच्या बढतीची परीक्षा आली. तिला पुठ्ठा शिवून दाखवायचा होता. सवयीप्रमाणे काका भोक पाडायला पुढे सरसावले, तेव्हा विभागप्रमुख कात्रीबाई कडाडल्या, "परीक्षा तुमची आहे की तिची?"

काका मागे सरले. सुई एकटीच पुठ्ठ्याला भिडली. ती वाकली, अडली, थांबली, पुन्हा रेटा देऊ लागली. अर्धी सकाळ गेल्यावर ती पलीकडून बाहेर पडली आणि ओरडलीच, "काका, आत जुन्या पुस्तकांचे कागद आहेत, थरावर थर! आणि एका थरात दोऱ्याचा तुकडा अडकलाय. आपल्याआधी कुणीतरी शिवलेला!"

आजवर हजारो पुठ्ठे काकांनी एका दणक्यात पार केले होते. मग ते हळूच सुईजवळ सरकले.

"कुठल्या रंगाचा होता गं?"