तीन गाठींत बांधलेला वारा

एका राज्यात जमीन थोडी आणि पाणी फार. नऊ बेटं होती, बेटांभोवती प्रवाळाचा बांध होता, आणि बांधापलीकडे जिकडे पाहावं तिकडे समुद्रच समुद्र. राजाचं नाव शीलभद्र. त्याच्याकडे हत्ती नव्हते, कारण हत्ती उभा करायला जागाच नव्हती. पण त्याच्या पदरी एक बाई होती, आणि तिच्यावाचून त्या राज्याचं पान हलत नसे. तिचं नाव भिवरा.

भिवराचं काम असं. रोज पहाटे ती थोरल्या कातळावर उभी राही. पाण्यात हात घाली, आभाळ बघे, पक्षी बघे, दोन लाटांमधले श्वास मोजी. मग खड्या आवाजात पुकारा करी, "वारा जमिनीवरून आहे, हलका आहे. लाट गुडघाभर. दुपारी फिरेल. जाणाऱ्यांनी जावं, उन्हं कलायच्या आत यावं. ही भिवराची वाणी!" हे शेवटचे शब्द कानी पडल्याशिवाय नऊ बेटांवरचा एकही माणूस होडीचा दोर सोडत नसे. ज्यानं सांगितलं त्याचं नाव सगळ्यांना कळलंच पाहिजे, असा तिथला रिवाज होता.

आणि त्या रिवाजाचं पुढचं पाऊल अवघड होतं. पुकारा चुकला आणि कुणी परतलं नाही, तर पुकारणारीनं त्या घरी जायचं, उंबऱ्यापाशी बसायचं आणि पाणी मागायचं. घरच्यांनी तांब्याभर पाणी दिलं की दोघांनी मिळून रडायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा कातळावर उभं राहायचं. पाणी मिळालं नाही, तर मग पुकारा कायमचा बंद. तीस वर्षांत भिवरा अशी चार उंबऱ्यांपाशी बसली होती. चारही घरांनी तिला पाणी दिलं होतं.

पाचवं घर राजाचं निघालं.

राजाला एकुलता एक मुलगा होता, केयूर. एकोणीस वर्षांचा, पण कातळापाशी आला की पाच वर्षांचा होई. भिवरा पुकारा करी तेव्हा तो खाली वाळूत उभा राही आणि शेवटचे शब्द तिच्याबरोबर ओरडे. त्या दिवशीही तो होता. त्यानं विचारलं, "भिवराई, जाऊ का?" भिवरा म्हणाली, "जा बाळा, दुपारपर्यंत ये." वारा नव्हता. आभाळ निरभ्र होतं. दुपारी प्रवाळाच्या बांधातून परत येताना डोंगराएवढी लाट उठली. त्याच्या होडीची फक्त एक फळी किनाऱ्याला लागली.

भिवरा राजवाड्याच्या उंबऱ्यापाशी तीन दिवस बसली. तिला कुणी पाणी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी राजानं दार लावून घेतलं.

शोकात माणूस काय मागेल याचा नेम नाही, मग तो राजा का असेना. शीलभद्र एकटाच नवव्या बेटावर गेला. तिथल्या गुहेत स्तंभनाथ नावाचा मायावी राहत असे. तो दुष्ट नव्हता आणि चांगलाही नव्हता. जेवढं मागाल तेवढंच देई, आणि पुढचा विचार तुमचा तुम्ही करायचा.

राजा म्हणाला, "समुद्र पुन्हा हलू नये."

"पूर्ण विचार केला आहे, महाराज?"

"मला मुलगा होता," राजा म्हणाला. "आता नाही. आणखी काय विचार करू?"

स्तंभनाथानं एक काळा दोर घेतला. पहिल्या गाठीत त्यानं किनाऱ्याची लाट बांधली. दुसऱ्या गाठीत दिवसा येणारे खारे वारे आणि रात्री जाणारे मतलई वारे बांधले. तिसऱ्या गाठीत खोल समुद्राचा मोठा वारा बांधला, ढगांसकट. तो दोर चंदनाच्या पेटीत ठेवून त्यानं राजाला दिला. राजाच्या खजिन्यात मोती होते, पोवळी होती, पण त्या दिवसापासून त्याचा खजिना म्हणजे ती पेटी. ती तो उशाशी घेऊन निजे.

आणि समुद्र थांबला. ताटातल्या पाण्यासारखा थांबला. आधी लोकांना बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग शिडं लोंबकळली. पाणी तापलं. मासे खोल गेले. प्रवाळाच्या बांधाचा रंग उडाला आणि तो हाडासारखा पांढरा दिसू लागला. विहिरी आटत चालल्या, कारण ढगच येत नव्हते. आणि नऊ बेटांवरची तान्ही मुलं झोपेनात. जन्मापासून ती समुद्राच्या गाजेवर झोपत आलेली, त्यांना ही शांतता कशी सोसावी?

एकविसाव्या दिवशी एक म्हातारा सुरय पक्षी भिवराच्या अंगणात उतरला. चोच लाल, पंख थकलेले.

"भिवरा," तो म्हणाला, "मिठाचं गलबत पश्चिमेला चाळीस कोसांवर उभं आहे. शिडात वारा नाही. माणसं बारा. त्यात तुझा हरबा आहे."

हरबा तिचा मुलगा. केयूर गेला त्याच्या आधीच तो मिठाच्या गलबतावरून पश्चिमेच्या बेटांवर गेला होता. तिला वाटे, तो तिकडेच कुठे थांबला असेल.

"पाणी किती आहे?" तिनं विचारलं.

"तीन पिंपं. दिवसाला एक लागतं."

भिवरा तशीच होडी वल्हवत नवव्या बेटावर गेली.

स्तंभनाथ म्हणाला, "दोर राजाचा आहे. गाठी माझ्या आहेत. पहिली सुटेल, मेलेल्या समुद्राला लाटेचा आवाज ऐकवलास तर. दुसरी सुटेल, वाऱ्यावाचून शीड भरलंस तर. तिसरी मी सोडवू शकत नाही. ज्यानं बांधायला लावली, त्याच्याच हातानं, त्याच्या खुशीनं सुटेल."

"आणि त्यानं खुशीनं सोडली नाही तर?"

"ते माझं काम नव्हे, बाई."

भिवरा परत आली तेव्हा घराघरातून मुलं रडत होती, आणि आया त्यांना थोपटत होत्या. भिवरा वाटेतच थबकली. त्या राज्यात अंगाई गात नसत. आया तोंडानं नुसतं "शूऽऽ" करीत, आधी हळू, मग मोठं, मग पुन्हा हळू. कुणी शिकवलं होतं त्यांना ते? समुद्रानंच ना?

ती दारोदार गेली. "मुलांना घेऊन किनाऱ्यावर चला," म्हणाली. बायका आल्या. शंभर आल्या, दोनशे आल्या, ज्यांची मुलं मोठी झाली होती त्याही आल्या. किनाऱ्यावर रांगेनं बसल्या. भिवरानं हात वर केला की सगळ्या मिळून "शूऽऽ" म्हणत, हात खाली आला की आवाज ओसरू देत. एकदा, दोनदा, दहादा. मुलं झोपली. आणि अकराव्या वेळी बायका गप्प झाल्या तरी आवाज आला. पायाशी वीतभर उंचीची एक लाट येऊन फुटली होती.

राजवाड्यात पेटीतली पहिली गाठ सुटली. राजानं ती पाहिली आणि पेटी छातीशी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी भिवरानं जुन्या होडीचं शीड कातळावर उभारलं आणि सुरयाला हाक मारली. "तुमचा थवा लाखाचा आहे. पंखांनी एवढं शीड भराल?"

सुरय म्हणाला, "भरू. आमचीही पिल्लं उपाशी आहेत. पण आमचं एक मागणं आहे. राजपुत्र गेला त्या सकाळी आम्ही समुद्रावरून माघारी आलो. चोचीत मासा नसताना आलो. तू आम्हांला पाहिलंस, आणि तरी जा म्हणालीस. त्या दिवशी काय चुकलं, ते कातळावरून सांग. नेहमीच्या आवाजात सांग."

पाणी न मिळालेल्या पुकारणारीनं कातळावर चढायचं नसतं. पण पाणी मागायचं तर आधी चूक सांगायला हवी, हे तिलाही कळत होतं. ती चढली.

"नऊ बेटांच्या लोकांनो, ऐका! त्या सकाळी वारा नव्हता. दोन लाटांत रोज दोन श्वास असतात, त्या दिवशी पाच होते. मी म्हटलं, समुद्र झोपेत आहे. तो झोपेत नव्हता. दूर कुठेतरी वादळ झालं होतं, त्याच्या लांब लाटा येत होत्या, आणि लांब लाट बांधावर येऊन उभी राहते. पक्ष्यांना कळलं होतं. मी पक्षी पाहिले, आणि म्हटलं, यांची पोटं भरली असतील. मला त्या पोराला जाऊ द्यायचं होतं, तो इतका हौसेनं विचारत होता. माझं चुकलं. ही भिवराची वाणी!"

आवाज राजवाड्यापर्यंत गेला. राजा खिडकीशीच उभा होता. महिनाभर तो वाट पाहत होता की ही बाई काहीतरी सबब सांगेल. सबब आली नाही.

मग आभाळ पांढरं झालं. लाखभर सुरय शिडासमोर आले आणि एकदम पंख मारू लागले. शीड थरथरलं, फुगलं, ताठ झालं. थवा पांगला तरी ते फुगलेलंच राहिलं. पेटीतली दुसरी गाठ सुटली होती आणि किनाऱ्यावर खारा वारा आला होता.

पण हे वारे किनाऱ्याचे. चार-सहा कोसांपलीकडे त्यांचं काही चालत नाही. गलबत होतं चाळीस कोसांवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवरा राजवाड्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसली. या वेळी दार उघडलं. शीलभद्र बाहेर आला. पेटी हातात होती, आणि गलबताची बातमी त्याच्याही कानी गेली होती.

"तुझा मुलगा त्या गलबतावर आहे," तो म्हणाला. "म्हणून आलीस."

"होय, महाराज. गाठ सोडा, हे सांगायला त्याच्यासाठी आले. पाणी मात्र केयूरसाठी मागते. गाठ सोडली नाहीत तरी पाणी द्या."

"गाठ सोडली तर पुन्हा वादळं येतील."

"येतील."

"पुन्हा कुणाचा तरी मुलगा जाईल."

"जाईल, महाराज. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

ती पुढे बोलली, आणि आता तिचा आवाज कातळावरचा नव्हता. "रोज सकाळी तो माझ्याबरोबर ओरडायचा. आता तोंड उघडलं की मला दोन आवाज ऐकू येतात. तुम्ही आत एकटे रडलात, मी बाहेर एकटी रडले. हे काही बरं झालं नाही, महाराज."

राजा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक लहानसा तांब्या होता, काठाला पोचे आलेला. केयूर लहानपणी तो वाळूत आपटत असे. राजानं तो भिवराच्या ओंजळीवर धरला. ती प्याली. मग राजा तिच्याजवळ उंबऱ्यावरच बसला, मुकुट कुठे पडला ते त्यानं पाहिलं नाही, आणि दोघंही रडली. दारावरचे पहारेकरीसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले.

बऱ्याच वेळानं राजानं विचारलं, "गलबतावर किती दिवसांचं पाणी उरलं आहे?"

"आज संपेल."

शीलभद्रानं हातातल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. मग पेटी उघडली, दोर काढला आणि तिसरी गाठ सोडायला घेतली. गाठ पक्की होती, राजाच्या नखांतून रक्त आलं, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. गाठ सुटली. दोर राख होऊन पडला, आणि पश्चिमेकडून एक ढग वर आला.

भिवरा उठली. तिला पाणी मिळालं होतं. आता ती पुकारणारी होती. ती कातळावर चढली आणि सुरयाला म्हणाली, "गलबतावर जा. सांग, वारा पाठीवर येईल आणि दांडगा येईल. अर्धंच शीड लावा. पाऊस येईल, पिंपं उघडी ठेवा. प्रवाळाच्या बांधाशी आलात की घाई करू नका. भरती पुरी भरू द्या. दोन लाटांतले श्वास मोजा. सात मोठ्या लाटा जाऊ द्या, मग आत या. ही भिवराची वाणी."

सुरय गेला. वारा आला, पाऊस आला, समुद्र महिनाभराचं साचलेलं सगळं एकदम बोलू लागला. राजा कातळाखाली येऊन उभा राहिला, जिथे केयूर उभा राही तिथेच.

"येतील?" त्यानं विचारलं.

"ठाऊक नाही, महाराज. दिसलं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भरती पुरी भरली तेव्हा, बांधाबाहेर अर्धं शीड दिसलं. गलबत थांबलं. किनाऱ्यावर साऱ्यांनी लाटा मोजल्या, राजानंही मोजल्या. पाच झाल्या, सहा झाल्या. सातवी बांधावर उभी राहून कोसळली तेव्हा राजानं डोळे मिटले. उघडले तेव्हा गलबत आत होतं.

बारा माणसं उतरली. हरबा शेवटी उतरला. ओठ फुटलेले, अंग मिठानं पांढरं. भिवरा पुढे धावली नाही, कातळापाशीच उभी राहिली. राजा पुढे गेला आणि त्यानं त्या पोच्यांच्या तांब्यातून हरबाला पाणी पाजलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आईकडे घेऊन आला, आणि त्या दोघांना तिथे सोडून थोडा दूर जाऊन उभा राहिला.

मासे वर आले, विहिरी भरल्या, प्रवाळाला हळूहळू रंग चढू लागला. स्तंभनाथाकडे पुन्हा कुणी काही मागायला गेलं नाही, आणि त्यालाही त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या पहाटे भिवरा कातळावर चढली. हात पाण्यात घातला, आभाळ पाहिलं, पक्षी नीट पाहिले, श्वास मोजले. पुकारा केला. शेवटी म्हणाली, "ही भिवराची वाणी!" आणि खालून, वाळूतून, एक जाड, सवय नसलेला आवाज तिच्याबरोबर निघाला, "आणि शीलभद्राची! चुकली तर दोघं येऊ पाणी मागायला."

नऊ बेटांवरची माणसं क्षणभर थांबली, कारण असा पुकारा त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी होड्यांचे दोर सोडले.