तांबड्या भुकटीची धास्ती

एलईडी दिव्यांना पांढरा उजेड नुकताच जमू लागला होता, त्या काळची गोष्ट. दिव्यातला निळा उजेड वीज फार कमी खाई, पण त्याच्याखाली टोमॅटोसुद्धा आजारी दिसे. म्हणून दिवे करणाऱ्या मालूताई त्यात तांबडी भुकटी मिसळत आणि खाली टोमॅटो ठेवून पारख करत.

जुन्या भुकटीत शिसं होतं. ती झगमगे खूप, पण दिवा फुटला तर विष. आणि आजचा दिवा एका रांगत्या बाळाच्या खोलीत जायचा होता. पाळी बिनशिशाच्या नव्या भुकटीची होती.

"जरा दमट हवा लागली की विरघळतेस तू. निघाली मोठी!" जुनी म्हणाली.

"मलाही तीच धास्ती आहे, मावशी," नवी पुटपुटली. "पण मी नाही गेले, तर त्या खोलीत तुम्ही जाल."

मालूताईंनी नव्या भुकटीच्या कणाकणाला पाणी न शिरणारं पातळ पांघरूण घातलं, तिला दिव्यात मिसळलं आणि दिवा लावला.

"अरेच्चा!" टोमॅटो ओरडला. "इतका देखणा आहे मी?"

"माझ्याइतकी काही झगमगली नाहीस," जुनी कुरकुरली.

"नाहीच मुळी!" नवी खुशीत म्हणाली.

संध्याकाळी बाळाने त्या दिव्याला खुदकन हसत दोन्ही हातांनी मिठी मारली, आणि त्याच्या आईने त्याला मागे ओढलं नाही.