श्री महाल पूजन

यंत्रं नुकती मराठी लिहायला शिकत होती, तेव्हाची गोष्ट. संगणकाच्या एका भाषेच्या गावात, वेशीवर, सगळ्यांची मिळून अवजारांची एक पेटी होती. तिला कुलूप नव्हतं. कुणीही अवजार न्यावं, खोलून पाहावं, सुधारून परत ठेवावं, अशी रीत. त्यातली कात्री लांब नावं जागेपुरती कापून द्यायची.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पत्रिका छापणारं यंत्र आलं. जागा चार अक्षरांची, नाव 'महालक्ष्मी'. कात्रीने खुणा मोजल्या. म, ह, काना, ल. झाल्या चार! पत्रिका निघाली, 'श्री महाल पूजन'.

"अगं, देवी बाहेर ठेवून नुसता महाल पुजायला लावलास!" पेटीतली मोजपट्टी हसली. "गप्प राहा गं, नाहीतर तुला पेटीबाहेर काढतील."

कात्रीला रडू आलं. पेटी सुटली तर जायचं कुठे? पण घरोघरी तिच्यावरूनच घडवलेल्या कात्र्या होत्या. उद्या आणखी कुणाची देवी तुटायची. तिने झाकणावर लिहिलं, "माझ्या हातून अक्षर तुटतं. मला खोला."

वाचून परगावचा म्हातारा पेचकस आला. "पोरी, काना-वेलांटी ही अक्षराची लेकरं. ती आईच्या कडेवरच मोजायची. आणि जोडाक्षराचं घर एकच." त्याने तिला सुधारून पेटीत ठेवलं, तशा घरोघरच्या कात्र्याही सुधारल्या.

पुढच्या गुरुवारी म, हा, ल, क्ष्मी अशी देवी चार अक्षरांत अख्खी मावली.

मोजपट्टी हळूच पेचकसाला म्हणाली, "काका, मीसुद्धा खुणाच मोजते हो. मलाही खोलता का?"