केरबाचा बोंजूर

बोरजाईवाडीत केरबा नावाचा एक भोळा भाऊ होता. भाऊ म्हणायचं, कारण गावात त्याची दुसरी ओळख नव्हती. वृषालीचा भाऊ, संपलं. वृषाली शिकली, पुण्याला नोकरीला लागली. केरबा गावात राहिला आणि सांगितलेलं ऐकत राहिला. आईनं एकदा त्याला दुधाकडं बघायला बसवलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो बघत बसला. आई ओरडली तेव्हा म्हणाला, "बघतच व्हतो की."

पुण्यात वृषालीचं एका फ्रेंच मुलाशी जमलं. ल्यूक त्याचं नाव. मुलगा सोन्यासारखा, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता. हे दुखणं आपल्याकडंच असतं असं आपल्या बायकांना उगाच वाटतं. ल्यूकच्या आईनं निरोप धाडला होता, मुलीच्या घरची माणसं बघू, मगच काय ते ठरवू. ल्यूकला रजा मिळेना, म्हणून त्याचे आईवडील दोघंच बोरजाईवाडीला यायचे होते.

वृषालीचे वडील वारलेले. म्हणजे रीतीप्रमाणे उंबऱ्यात उभं राहून पाहुण्यांना आत घ्यायचं ते थोरल्या भावानं. थोरला भाऊ म्हणजे केरबा. म्हणून वृषाली आठ दिवस आधी घरी आली आणि तिनं केरबाला समोर बसवलं.

"दादा, त्यांच्यात कुणाशीही बोलायचं तर पहिला शब्द बोंजूर, म्हणजे त्यांचा नमस्कार. तू म्हणायचं, मग समोरच्यानं म्हणायचं. तोवर पुढचं काही बोलायचं नाही. बोंजूर न म्हणता बोलणं म्हणजे चपला घालून देवघरात शिरणं."

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो मळ्यात चालला होता. शेजारचे तात्या पाय घसरून विहिरीत पडले होते आणि मोटारीच्या पाइपाला धरून लोंबकळत होते. केरबानं वाकून बघितलं.

"बोंजूर, तात्या."

"आरं केरबा, दोर सोड!"

"आधी तुमी बोंजूर म्हना."

"आरं हात सुटतोय माझा!"

"सुटू द्या. चपला घालून देवघरात जाता व्हय तुमी?"

तात्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. केरबा शांतपणे काठावर बसून राहिला. शेवटी तात्यांच्या नाकात पाणी जायला लागलं तेव्हा त्यांच्या तोंडून बोंजूर निघाला. बोरजाईवाडीतला तो पहिला बोंजूर. केरबानं लगेच दोर सोडला.

तात्या ओल्या धोतरानं घरी येऊन बोंबलून गेले. वृषालीनं कपाळाला हात लावला.

"अरे दादा, माणूस अडचणीत खाली पडलेला दिसला, तर तोंड उघडायचं नाही. हात धरायचा आणि बाहेर ओढायचा."

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी गावात कुस्त्या होत्या. शेवटची कुस्ती आपल्या भाऊसो पैलवानाची, शेजारच्या गावच्या पैलवानाशी. भाऊसोनं त्याला खाली घातलेला, एक खांदा मातीला लागलेला, दुसरा चार बोटं वर. सगळं गाव श्वास धरून बसलेलं. केरबाला दिसलं एवढंच, की एक माणूस अडचणीत खाली पडला आहे. तोंड न उघडता तो आखाड्यात उतरला, खालच्या पैलवानाचा हात धरला आणि त्याला ओढून बाहेर काढला. भाऊसो मातीत एकटाच पालथा राहिला. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि गावानं केरबाला घरापर्यंत पळवत आणला.

वृषाली म्हणाली, "दादा, चार माणसं जमलेली दिसली की कुणाला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं, छान हसायचं आणि म्हणायचं, तुम्हाला भेटून फार आनंद झाला. त्यांच्यातही असंच म्हणतात."

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

चौथ्या दिवशी वरच्या आळीतले गणपतराव दाभाडे गेले. दारात माणसं जमली होती. केरबा गेला. लांब उभा राहिला. कुणाला हात लावला नाही. मग बत्तीशी दाखवत म्हणाला, "तुमा सगळ्यास्नी भेटून फार आनंद झाला."

कुणी काही बोललं नाही, म्हणून त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल. तो मोठ्यानं म्हणाला, "फार म्हंजे फारच आनंद झाला!"

गणपतरावांच्या थोरल्या सुनेला तेवढं ऐकून हसू फुटलं आणि ते लपवायला तिला पदर तोंडात कोंबावा लागला. तिच्या नवऱ्यानं मात्र केरबाची गचांडी धरली.

"अरे, माणूस दुःखात असला तर हसायचं कसलं?" वृषाली आता रडकुंडीला आली होती. "जवळ जावं, मायेनं वागावं. ल्यूकच्या घरी तर जवळच्या माणसाच्या गालाला गाल लावतात. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला."

"दुःखात असला की?"

"हो रे बाबा, दुःखात असला की."

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

पाचव्या दिवशी पारावर पोस्टमन मेथे बसले होते. दाढ सुजून एक गाल टम्म फुगलेला, डोळ्यांतून पाणी गळतंय. केरबाला त्यांचं दुःख बघवेना. तो जवळ गेला, मायेनं त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि गालाला गाल लावला. एकदा या बाजूला. मग त्या बाजूला, जरा दाबून. मेथ्यांची किंकाळी फाट्यापर्यंत ऐकू गेली. त्या दिवशीची पत्रं कुणाला मिळाली नाहीत.

आता वृषालीनं हाय खाल्ली. तिला आपल्या भावाची लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचंही वाईट वाटत होतं. लहानपणी ओढ्याला पूर आला की ह्याच केरबानं तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. त्याला बाजूला सारून दुसऱ्या कुणाला उंबऱ्यात उभं करायचं तिच्या जिवावर आलं. रात्रभर विचार करून तिनं असा धडा तयार केला, की त्यात चुकायला जागाच नव्हती.

"दादा, उद्या पाहुणे येणार. गोऱ्या माणसांना बघायला सगळा गाव गोळा होईल. तू नुसतं उंबऱ्यात उभं राहायचं. जो बोंजूर म्हणेल त्याला आत घ्यायचं. दुसरं काही म्हणेल त्याला हात जोडून सांगायचं, आज घरी पाहुणे आहेत, नंतर या. बास. जास्त काही करू नको."

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

सकाळी आई मागच्या दारी पुरण वाटायला बसली. वृषाली पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेली. केरबा नवा सदरा घालून उंबऱ्यात उभा राहिला. गाव खरंच लोटलं. म्हातारी आली, पोरं आली, तात्याही लांबून डोकावून गेले. एकानंही बोंजूर म्हटलं नाही. केरबानं एकूणएक माणूस हात जोडून परत लावला. आयुष्यात प्रथमच त्याचं काही चुकत नव्हतं.

वृषाली दुपारी धापा टाकत परत आली. तिचा चेहरा उतरला होता. "दादा, मी तीन तास उभी होते. ते दुसऱ्या रस्त्यानं जीपनं आले म्हणे. कुठंयत?"

"न्हाई आलं अजून."

"अरे, असं कसं? कुणीच आलं नाही?"

"आलं की. लई आलं. शेवटाला एक म्हातारा-म्हातारी आली. गोरीपान. बाई नऊवारी नेसलेली, बाबानं फेटा बांधलेला. बाई हात जोडून म्हनली, नमस्कार, आपण बरे आहात ना. मी वाट बघितली. म्हटलं, म्हनतील आता. तर बाबा वाकून माझ्या पायाच पडला. मग म्हटलं, ही आपल्यातलीच कुनीतरी, साताऱ्याकडची. हात जोडून आल्या जीपनंच परत लावून दिली."

वृषाली मटकन पायरीवर बसली. "काही बोलली का रे ती?"

"बाईच्या डोळ्यात पानी आलं व्हतं. म्हनली, आम्ही सहा महिने मराठी शिकलो, आमचं काही चुकलं का?" केरबा समाधानानं हसला. "मी म्हटलं, तुमचं मराठी झ्याक हाय, बाई. पर आज आमच्या घरी फ्रेंचशिवाय चालायचं न्हाई."