बापाचं पातं

बगळे समुद्रापार निघून गेले त्याला सात पावसाळे झाले होते. पण नदीकाठच्या विणकर पक्ष्यांचं राज्य अजून बगळ्यांच्याच नियमांवर चाललं होतं. तुळतुळीत बुंध्याच्या उंच झाडावर बगळ्यांची घंटा तशीच टांगलेली होती आणि तिच्या शेजारच्या फांदीवर आता ओबारा नावाचा विणकर बसत असे. सकाळची प्रार्थना तोच सांगे. झाडावर कुणाला जागा द्यायची, तेही तोच ठरवी. त्याच्या शब्दाला मान होता. मात्र त्या फांदीवर त्याला स्वस्थ असं कधी बसता आलं नाही.

कारण जुनं होतं. ओबाराच्या तरुणपणी विणकर नराने दोन-तीन खोपे बांधायची रीत होती, आणि प्रत्येक खोप्याला एक घरधनीण. ओबाराचे दोन खोपे होते. एकात सेफू, दुसऱ्यात नियाला. दोघी एकमेकींची पिल्लं भरवत. एका वर्षी सापाने सेफूची चारही पिल्लं गिळली. बगळ्यांच्या झाडावर साप चढू शकत नसे, म्हणून ओबारा तिथे गेला आणि म्हाताऱ्या बगळ्यापुढे पंख मिटून उभा राहिला.

म्हातारा प्रेमळ होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग आकाशाच्या धन्याची गोष्ट सांगितली. ओबाराला ती मनापासून पटली.

"ये, जागा आहे," बगळा म्हणाला. "पण आमच्यात एका नराचा एकच खोपा."

"मग दुसरीचं काय करू?"

"ते तुझं तू बघ," म्हणून बगळा आपले पंख साफ करू लागला.

ओबाराने विचारात तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी नियाला दाणे टिपायला गेली, तेव्हा त्याने तिच्या खोप्याचा देठ कुरतडला. आत एक अंडं आहे हे त्याला ठाऊक होतं. खोपा पाण्यात पडला, थोडा तरंगला आणि वळणापाशी लव्हाळ्यात दिसेनासा झाला.

नियाला परतली. तुटका देठ पाहून तिने आकांत केला नाही. एवढंच म्हणाली, "सांगायचं तरी होतंत. मी स्वतःच उतरले असते, अंडं घेऊन." आणि पाण्याच्या काठाकाठाने शोधत गेली. या तीरावर ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

पुढे सेफूला पिल्लं झाली, ती सगळी जगली. बगळे गेले. जाताना त्यांनी घंटा ओबाराच्या हवाली केली. मग विणकरांनी आपला म्हणून एक नियम केला, जो बगळ्यांनीही केला नव्हता: झाडावर नवा खोपा बांधायचा तर पहिलं हिरवं पातं मुलीच्या बापाने सर्वांसमक्ष बांधायचं. जिला बाप नाही, तिला जागा नाही. हा नियम मादू नावाच्या पंचाने सुचवला. मादूचा आवाज खणखणीत होता. ओबाराने मान डोलावली होती.

यंदा आचेंग नावाची एक तरुण मादी झाडावर आली. झाडावरच्याच एका नराचं तिच्यावर मन बसलं होतं. सारे जमले.

"कुणाची गं तू?" मादूने विचारलं.

"नियालाची."

"आईचं कोण विचारतंय? बाप कोण?"

आचेंगने वर पाहिलं. तिच्या गळ्यावर तांबूस चंद्रकोर होती, ओबाराच्या गळ्यावर होती तशीच. "ते बापाने सांगावं," ती म्हणाली. "मी का सांगू?"

सेफू ओबाराच्या कानाशी आली. "उठा," ती हळूच म्हणाली. "पातं मी आणून देते. उठा ना."

ओबाराने चोच उघडली. सगळं झाड त्याच्याकडे बघत होतं. नाव सांगितलं की ही फांदी जाणार, आणि सेफूच्या मुलांनाही उद्या कुणी सुखाने राहू देणार नाही, एवढा हिशेब त्याच्या मनात क्षणात झाला.

"नियम सर्वांना सारखा आहे," तो म्हणाला.

आचेंग उडून गेली. तो तरुण नर तिच्यामागे गेला. सेफू त्या दिवसापासून ओबाराशी बोलेनाशी झाली. प्रार्थनेत 'क्षमा' हा शब्द आला की ओबारा अडखळू लागला. लोकांना वाटे, म्हातारा सद्गदित होतो.

तिसऱ्या पहाटे दाट धुकं पडलं. ओबाराने काठावरचं सर्वांत लांब पातं तोडलं आणि नदी ओलांडली.

पलीकडे एक काटेरी झाड होतं. त्यावर दोन-तीन खोपे असतील, अशी त्याची समजूत होती. झाड खोप्यांनी लगडलं होतं. पिल्लं बाहेर डोकावत होती. कुणाच्या गळ्यावर बगळ्यांच्या झाडावरचा ओळखीचा पट्टा, कुणाची ओळखीची चोच.

नियाला म्हातारी झाली होती. तिला नवल वाटलं नाही.

ओबाराने पातं पायाखाली धरलं. "मी चुकलो," तो म्हणाला.

"लव्हाळ्यात सापडला तो खोपा," नियाला म्हणाली. "चांगला विणला होतात. आत पाणी शिरलं नव्हतं." मग वर बघून म्हणाली, "मला सांगून काय होणार? ती वर आहे."

आचेंग विणत होती. ओबाराने चोचीतलं पातं पुढे केलं. तिने ते बराच वेळ पाहिलं.

"मी सगळ्यांसमोर मागितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही धुक्यात आणलंत. उजेडात आणा, मी घेईन."

 ओबारा सगळ्यांत खालच्या फांदीवर उतरला. पातं परत न्यायचा धीर होईना, म्हणून एका काट्याला अडकवावं असं त्याच्या मनात आलं. तेव्हा त्याला दिसलं, तिथला एकही काटा रिकामा नव्हता. प्रत्येकावर एकेक पातं लटकत होतं. कित्येक वाळून करडी झालेली, काही पिवळी, एकदोन कालचीच हिरवी.

धुक्यात पंख वाजले. समोरच्या डहाळीवर मादू येऊन बसला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  दोघांच्याही चोचीत पातं होतं.